आधी ह्यांचा डोळा

आकाशदर्शन उद्यानात आम्ही जोडीने जायचो. दुर्बिणीला डोळा आधी ह्यांचा लागायचा. जाड चष्मा काढून हे आपल्या नजरेपुरता फोकस फिरवायचे, की मला सगळं धूसर. "मेलं माझं कुणी बघणार आहे की नाही?" मी कुरकुरायचे.

हे जाऊन वर्ष झालं. गुडघे थकले, मीही थकले. शनीची कडी एकदाची नीट बघायची आणि इथलं येणं थांबवायचं, असं ठरवून रांगेत उभी राहिले.

पुढच्या बाई म्हणाल्या, "काय लख्ख दिसतंय हो!" मी वाकले. धूसर.

दुर्बीणवाल्याने फोकस लावून दिला. पुन्हा धूसर.

"आजी, तुमचाच हात लागतोय," तो हसला.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि डोळा लावला. कडी लख्ख होती. मग माझ्या डोळ्यादेखत ती हळूहळू धूसर होत गेली.