उणे पाचातून उणे आठ

"नीट ऐका," पेडणेकरबाई सातवी 'ब'ला म्हणाल्या. हातातला छापील कागद त्यांनी दोन बोटांत असा धरला होता, की जणू कुणाचा शेंबडा रुमाल. "आज खेळ आहे. खेळ म्हणजे खेळ, गणित नाही. उगाच फार डोकं चालवू नका."

मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला हर्षद हसला. पवईच्या कुठल्याशा संस्थेतून आलेला पोरगा, जीन्सवर खादीचा कुर्ता, मिसरूड कालपरवा फुटलेलं. आणि हा तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला सांगणार, की हाउसीने उजळणी होते म्हणून! हाउसी! सोसायटीच्या पूजेला बायका चकाट्या पिटत खेळतात ती! घाटकोपरच्या या शाळेत बाईंनी खडू आणि आवाज एवढ्या दोनच गोष्टींवर पिढ्या पास केल्या होत्या.

बाई गणित वाचणार, पोरं ते सोडवणार, आलेलं उत्तर तिकिटावर असलं तर त्यावर चिंचोका ठेवणार. नऊच्या नऊ घरं भरली की फुल हाउस. बक्षीस मात्र खरं होतं. संस्थेच्या रविवारच्या गणितवर्गाला या वर्गातून एकच मूल जाणार, वर्षभर, आणि ती जागा फुल हाउसवाल्याची.

बाईंना याचाही संताप आला होता. त्यांना विचारलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं, सुयोग. पहिला बाक, क्लासला जाणारा, वहीला कव्हर घालणारा. त्यासाठी चिंचोके कशाला हवेत?

उत्तरांचा कागदही संस्थेनेच दिला होता. एकदा सोडवून पाहावा, असं बाईंच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. असल्या पोरखेळावर कोण वेळ घालवतो?

"उणे पाचातून उणे आठ वजा करा," त्या जांभई दाबत म्हणाल्या. हे विसावं गणित होतं.

एकदम दोन हात वर झाले. एक सुयोगचा. दुसरा शेवटच्या बाकावरून, श्रुतिकाचा. श्रुतिका! हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे जिने वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं, ती! 'ढ' म्हणून बाईंनी तिचा नाद कधीच सोडला होता.

"आधी तुझं बघू, म्हणजे कटकट मिटेल." बाई तरातरा मागे गेल्या. तिकिटावर नऊ चिंचोके, शेवटचा तीनवर. त्यांनी कागदावर बोट फिरवलं. "तीन? तीन कुठून काढलंस बाई तू? इथे उणे तेरा आहे. बोगी!"

बोगी म्हणजे खोटा दावा, तिकीट बाद. वर्गाला तेवढंच निमित्त हवं होतं. "बोगी! बोगी!" म्हणत पोरांनी बाकं बडवली. श्रुतिकाने बाईंच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि आपलं तिकीट जवळ ओढून घेतलं.

सुयोगचा शेवटचा चिंचोका उणे तेरावर होता. "शाब्बास," बाई म्हणाल्या.

"झकास!" हर्षदने मोबाइल काढला. "बाई, व्हिडिओसाठी ते शेवटचं गणित जरा फळ्यावर सोडवून दाखवा ना."

"त्यात दाखवायचंय काय डोंबल?" पण त्यांनी खडू उचलला. −5 − (−8), त्यांनी लिहिलं. कंसाबाहेरचं उणे आतल्या उण्याला भिडलं की अधिक. हात आपोआप चालत होता. −5 + 8, त्यांनी खाली लिहिलं. तिसऱ्या ओळीला मात्र खडू जागच्या जागी थांबला.

उत्तर तीन होतं. कागद चुकला होता, सुयोग चुकला होता आणि शेवटच्या बाकावरची ती मुलगी बरोबर होती. 'चूक माझी,' एवढंच म्हणायचं होतं. पण कुणासमोर? या कुर्तेवाल्यासमोर? पेडणेकरबाईंनी न तपासता कागद वाचला, हे याने पवईभर सांगत फिरावं?

त्या वळल्या. हर्षद मोबाइलमध्ये डोकं खुपसून जुने व्हिडिओ उडवत होता.

"राहू द्या बाई, मेमरी फुल झालीय यार. नाव सांगा, फॉर्म भरतो."

डस्टर समोर होतं, तरी बाईंनी फळा तळहातानेच पुसला.

"सुयोग," त्या म्हणाल्या. "सुयोग लिहा."

असला भेकडपणा दुसऱ्या कुणी केला असता, तर त्याला त्यांनी अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलं असतं. त्यांना स्वतःचीच किळस आली.

मधली सुट्टी झाली. पोरं डबे घेऊन बाहेर पळाली, हर्षदही फॉर्म घेऊन निघून गेला. श्रुतिका मात्र अजून बाकावरच होती. तिच्या तिकिटावरचे नऊच्या नऊ चिंचोके तसेच होते.

बाई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "तुझं तीन बरोबर होतं," त्या हळूच म्हणाल्या. "ठाऊक होतं तुला?"

"हो, बाई."

"मग तोंड शिवलं होतं का गं तुझं? बोलायला काय झालं होतं?" अजूनही त्यांना ओरडायलाच जमत होतं.

श्रुतिकाने चिंचोके ओंजळीत गोळा केले, खेळाच्या डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

"तुम्हीच म्हणालात ना बाई, खेळ आहे, गणित नाही," ती म्हणाली. "गणित असतं तर बोलले असते."