काचेचं भांडं

“हा नको. तो काचेचा द्या,” असं म्हणत जॉबरनी एअर फ्रायरचा खण धाडकन आत ढकलला.

त्यांच्या मुलीने कपाळावर हात मारला. अर्धा तास झाला, गाडी तिथेच अडली होती. दुकानदाराने टेबलावर दोन्ही यंत्रं मांडली होती. एअर फ्रायर काळा, गुटगुटीत, सगळा कारभार खणाच्या आत. हॅलोजन ओव्हन म्हणजे मोठं काचेचं भांडं आणि त्यावर दिव्याचं जड झाकण. गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून त्याने दोन्हींत बटाट्याचे काप टाकले होते आणि वेळ लावून दिली होती. फ्रायरची कमी, हॅलोजनची थोडी जास्त. पलीकडे एक जोडपं टोस्टर उलटेपालटे करून बघत होतं.

प्रश्न बटाट्यांचा नव्हताच. गेल्या तीन महिन्यांत जॉबरनी दोन कुकर आणि दुधाचं एक शिट्टीचं पातेलं जाळलं होतं. शेजारीण बेल वाजवून वाजवून परत गेली, तेव्हा हे आत निवांत पेपर वाचत होते. फोन उचलत नव्हते. बाबा विसरायला लागले, असा मुलीने सरळ अर्थ लावला. मागच्या आठवड्यात तिने त्यांच्या घरातला गॅस काढून टाकला. गुरुवारी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. आता हे एक यंत्र देऊन बघायचं. तेही जाळलं, तर दोन खोल्यांना कुलूप लावून बाबांनी तिच्याकडे राहायला यायचं. जॉबरना हे माहीत होतं. त्यांना ते मुळीच नको होतं. त्या दोन खोल्यांत त्यांची पाना-पक्कडीची पेटी होती, खिडकी होती आणि त्यांचं स्वतःचं असं राज्य होतं.

दुकानदार खाली वाकून प्लग चाचपत काहीतरी सांगू लागला.

“अहो, वर बघून बोला,” जॉबर खेकसले. “जमिनीशी काय बोलताय?”

“मनावर घेऊ नका,” मुलगी दुकानदाराला म्हणाली. “जुनी सवय आहे त्यांची.”

सवय खरंच जुनी होती. चौतीस वर्षं ते कापडाच्या कारखान्यात जॉबर होते. माग अडला की तो चालू करून द्यायचा, हे त्यांचं काम. शेडमध्ये दीडशे माग एकदम धडधडत. तिथे घसा फोडून उपयोग नसे. माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवत आणि समोरचा ते वाचून उत्तर देई. लहानपणी डबा द्यायला जाऊन जाऊन मुलगीही ते शिकली होती. मग बापलेक जेवतानासुद्धा तसेच बोलत आणि आई म्हणे, “मुक्यांनो, मलाही कळू द्या की जरा!” आई गेली आणि तो खेळही मागे पडला.

“बाबा, ऐका जरा. फ्रायर हलका आहे. आपला आपण बंद होतो, वर पाचदा वाजतो.”

“वाजेना का.”

“त्या झाकणाने हात भाजेल तुमचा.”

“आजवर काय कमी भाजलाय?”

“मग त्या काचेला असं काय सोनं लागलंय?”

“आतलं दिसतं,” जॉबर म्हणाले. मग झाकणावरच्या बारीक लाल दिव्यावर बोट ठेवून त्यांनी दुकानदाराला विचारलं, “वेळ संपली की हा जातो ना?”

“जातो की. आतला मोठा दिवा मध्येमध्ये येतो-जातो, पण हा वेळ संपल्यावरच जातो.”

“झालं तर मग.”

मुलीचा संयम सुटला. ती दुकानदाराकडे वळली आणि वडिलांकडे पाठ करून म्हणाली, “तुम्ही वाजणाराच द्या. काही लक्षात राहत नाही हो त्यांच्या.” बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. एवढ्या मोठ्याने बोलायचं नव्हतं. तिने हळूच मागे पाहिलं. जॉबर काचेतले बटाटे बघत होते. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नव्हती. सोसतात बिचारे, असं तिला वाटलं.

एवढ्यात फ्रायर वाजला. पाचदा, चांगला कर्कश. दुकानदाराने मान वळवली, मुलीने वळवली, टोस्टरवाल्या जोडप्यानेही वळवली. वाजणारं यंत्र जॉबरच्या कोपराला टेकलं होतं. ते मात्र काचेकडेच बघत होते.

थोड्या वेळाने लाल दिवा गेला.

“झाले,” जॉबर लगेच म्हणाले आणि त्यांनी झाकणाला हात घातला.

मुलीने एकदा फ्रायरकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती दोन पावलं टाकून त्यांच्या पाठीमागे उभी राहिली.

“बाबा,” ती म्हणाली.

जॉबर बटाटे निरखत होते.

“बाबा!” या वेळी जोडपं दचकलं.

जॉबरनी एक काप उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला.

कुकरच्या शिट्ट्या, बेल, फोन. तिला एकेक आठवत गेलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. यांतलं काहीही ते विसरले नव्हते.

“हॅलोजन द्या,” ती दुकानदाराला म्हणाली. “घरपोच पाठवा. माझ्याकडे नाही, त्यांच्या घरी.”

मग ती वळसा घालून वडिलांच्या समोर आली. डोळे पुसले आणि कितीतरी वर्षांनी नुसते ओठ हलवले, जराही आवाज न काढता: “बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?”

जॉबरनी घाईघाईने त्या जोडप्याकडे पाहिलं.

“हळू बोल गं,” ते म्हणाले, “लोक ऐकतील.”