मोज्याचं कुत्रं

आजोबांच्या तपकिरी मोज्याला आजीनं शर्टाची बटणं डोळे म्हणून शिवली, नातीनं लाल चिंधीची जीभ चिकटवली. अर्धांगाचा झटका आल्यापासून आजोबांचा उजवा हात पांघरुणावर लाकडासारखा पडून होता. "डॉक्टरांना काय डोंबल कळतंय! खेळता खेळता हलतील बोटं," म्हणत आजीनं ते कुत्रं त्या हातावर चढवलं. "आजोबा, भुंका ना!" नातीनं टाळ्या पिटल्या. कुत्र्यानं मान टाकली. "जन्मभर माझ्यावर गुरगुरलात, आता पोरीसाठी एकदा भुंका की!" आजी करवादली. कुत्रं ढिम्म हललं नाही. "झोपलंय वाटतं," नातीचा चेहरा पडला. आजीनं आपली बोटं हळूच मोज्यात, त्या थंड बोटांखाली सरकवली. कुत्र्यानं जबडा उघडला. "भू!" आजी घोगऱ्या आवाजात भुंकली. नात नाचली, मग थबकून मोजा निरखत राहिली. "आजी, आता तू हात काढ बघू." आजीला तो काढवेना.