बिनवाद्यांचं गाणं

अश्विनीने फोन स्पीकरला जोडला, पण बटण दाबायला तिचं बोट धजेना.

"लावा की मॅडम," नागसेन म्हणाला. "रेगे काही पळून नाही जाऊन राह्यलं."

खामगावातल्या अविनाशच्या मंडप डेकोरेशनच्या गोदामात दर रविवारी दुपारी हे चौघं जमत. गुंडाळलेल्या कनातींवर, गाद्यांच्या थप्प्यांवर जागा मिळेल तिथे पसरत. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक रेगे गाणं आणायचं आणि ते वाजत असताना कोणी बोलायचं नाही, एवढाच नियम.

हे वेड लावलं अविनाशने. लग्नांत आणि मिरवणुकांत वीस वर्षं डीजे वाजवून तो कंटाळला होता. एकदा कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये त्याला सातासमुद्रापलीकडच्या बेटावरचं हे संगीत सापडलं आणि तो त्यातच राहिला. कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर असलेला नागसेन त्याचा शाळेपासूनचा दोस्त. शेजारी पार्लर चालवणारी डिंपल भिंतीतून येणारे ठोके ऐकून आली. तिची आई अजून समजते, की पोरगी दर रविवारी रेगे नावाच्या कोणा बाईंकडे जाते. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारी अश्विनी सगळ्यांत शेवटी आली. बहिणीच्या लग्नाचा मंडप ठरवायला म्हणून आली आणि आत वाजत असलेलं गाणं संपेपर्यंत दारातच उभी राहिली. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, तेव्हा मंडपाचं काहीच काम नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. जिनिंगकडून उडत आलेले कापसाचे बारीक तंतू झरोक्यातून आत येत होते. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात ते इतके सावकाश खाली उतरत होते, की पाहता पाहता डोळे जड व्हावेत. डिंपलचं गाणं वाजून झालं होतं. नागसेनचंही झालं होतं. बेसचे जाड, गोल ठोके फरशीतून पाठीत चढले होते. हे गोदाम काठ सोडून कुठेतरी निघालं आहे आणि कोणाला परतायची घाई नाही, असं अश्विनीला वाटत होतं.

तिने बटण दाबलं.

या गाण्यात वाद्यच नव्हतं. कोण्या म्हाताऱ्या बाईने आपल्या ओसरीवर बसून म्हटलेलं आणि कोणीतरी तिथेच टिपून घेतलेलं. पातळ, उंच आवाज. ना ड्रम, ना बेस. तरी चाल रेगेचीच होती. दोन शब्दांच्या मध्ये जरा थांबायची, झोका घ्यायची आणि पुढे जायची. आई गेल्यापासून सात महिने अश्विनीने हे गाणं शेकडो वेळा एकटीने ऐकलं होतं. तांदूळ निवडताना आई अशीच स्वतःशी गुणगुणायची. आज पहिल्यांदाच ती ते दुसऱ्या कुणाला देत होती, आणि अविनाश काय म्हणतो याकडे तिचा सगळा जीव लागला होता.

डिंपलने डोळे मिटले. तिची मान हळूहळू डोलू लागली. समोर बसलेल्या नागसेनचीही डोलू लागली. कापसाचा एक तंतू अश्विनीच्या मनगटावर येऊन बसला. तिने तो झटकला नाही.

अविनाश मघापासून डोळे मिटून होता. त्याने ते उघडले आणि स्पीकरकडे पाहिलं.

"मॅडम, गाणं काऊन बंद केलं?"

म्हातारीचा आवाज गोदामभर भरून होता.

डिंपल फिसकन हसली. "काय दादा, मस्करी करता!"

अविनाश हसला नाही. तो तिच्या ओठांकडे पाहत होता. मग तो उठला आणि फोनवर वाकला. पडद्यावर गाण्याची रेघ संथपणे पुढे सरकत होती. ती तो बराच वेळ बघत राहिला.

"वर्ष झालं," तो गादीवर बसत म्हणाला. "बारीक आवाज येतच नाहीत. ढोल येते, बेस येते. तुमचं बोलणं तोंडाकडे पाहून समजून घेतो. डीजेनं कान खाल्ले म्हणे डॉक्टर."

अश्विनीने गाणं थांबवलं. वर्षभर त्याने प्रत्येकाच्या गाण्याला दाद दिली होती. त्यातलं किती त्याच्यापर्यंत पोचलं होतं, कोण जाणे. डिंपलने खाली मान घातली.

अविनाशने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातली गोदामाची किल्ली सोडवली.

"तुम्ही तिघं बसत जा इथं. मी नाही येणार आता. ज्याले ऐकूच येत नाही, त्यानं मधात बसून तुमचं गाणं कायले खराब करा?" त्याने किल्ली नागसेनपुढे धरली. "हे तू ठेव. मशीनचं बेअरिंग खराब झालं तं दुरूनच आवाजावरून सांगतोस तू. तुह्यासारखा कान आपल्यात कोणाचाच नाही."

नागसेनने हात पुढे केला नाही. तो आधी अश्विनीकडे आणि मग डिंपलकडे ओशाळल्यासारखा पाहत राहिला.

"खिशात ठेव बे ते किल्ली," तो शेवटी म्हणाला. "बेअरिंग मी आता हात लावून पाहत असतो. मले बी नाही आलं गाणं ऐकू. मी डिंपलच्या मानेकडे पाहून डोलून राह्यलो होतो."