टेपला लागतो तेवढा वेळ

जगभरची माणसं मिळून एक संगणकप्रणाली लिहितात आणि ती कुणालाही फुकट देतात. माझी सून त्यांतलीच एक. त्या प्रणालीला माहिती साठवायच्या जुन्या टेपा वाचता याव्यात म्हणून ती महिनाभर डोकं फोडत होती. टेपचं यंत्र नुसतं घरघरायचं, आणि संगणक दर वेळी सांगायचा, यंत्र बंद पडलंय. प्रणालीच्या मंडळींनी तिला बजावलं होतं, उद्यापर्यंत चाललं तर घेऊ, नाहीतर टेपचा नाद सोड.

"उत्तराची वाट किती बघतो गं तो?" मी विचारलं.

"तीस सेकंद, आई."

"अख्खी टेप गुंडाळत मागे यायचंय तिला. तू हाक मारलीस की मला खुर्चीतून उठायलाच तेवढे लागतात. म्हणजे मी मेले का?"

तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि तीस सेकंदांची पंधरा मिनिटं केली. टेप शेवटपर्यंत वाचली गेली. मंडळींनी काम घेतलं.

"आई, त्या थांबायच्या वेळेला काहीतरी नाव द्यावं लागतं. मी 'सासूबाई' दिलंय."

म्हणजे आता जगात कुठेही टेप लावली, की संगणक आधी सासूबाई बघतो आणि गुमान थांबतो. वळण चांगलं लावलंय पोरीनं.