कोणाची नक्कल

राजापेठेतल्या घरी साडूभाऊ भगवंतराव आले, तेव्हा देवीदासनं चहाबरोबर स्वतःच्या दोन्ही पोरांचं वर्णनही पुढे केलं. "कुलदीप दिवसभर गच्चीवर कबुतरं पायत बसते. त्याच्यापेक्षा त्या कबुतराइले जास्त अक्कल हाय. अन् ही करिश्मा. बारावीत हाय, पण लोकायच्या नकला करत फिरते. दोघंबी आईवर गेले, दुसरं काय." त्याची बायको सत्यवती शेजारीच बसली होती.

भगवंतरावांना पोरीची दया आली. "एखादी करून तर दाखव, बेटा."

करिश्मा खुर्चीत रेलली. कोणाकडे न बघता तिनं कप दूर सरकवला आणि जाड आवाजात म्हणाली, "हा चहा हाय का भांडे धुतल्याचं पाणी? वीस वर्षं झाले, तुले एक काम धड जमलं नाई. माहेरी काय शिकवलं तुले?"

देवीदासला हसू आवरेना. "आवाज बराबर काढला. कोण हाय हा? आपल्या गल्लीतलाच दिसते."

करिश्मानं सरकवलेला कप परत जागेवर ठेवला. भगवंतराव मान खाली घालून बशीकडे बघत बसले.

"सांग ना पोरी," देवीदास डोळे पुसत म्हणाला. "मले तर त्याच्या बायकापोरायची कीव येते. अशा माणसापाशी कसे रायत असतीन ते?"

"रायतेत कसेतरी," सत्यवती कप उचलत म्हणाली.