दुसरा चहा

शेजाऱ्याच्या गळक्या पाइपने दुकानाची भिंत भिजवली, तसा टेलरमास्तरांनी दिवाणी कोर्टात दावा ठोकला. वकील केला नाही. चौदा तारखा स्वतःच भांडले आणि जिंकलेसुद्धा.

शेजाऱ्याकडून दाव्याचा खर्च मिळावा म्हणून त्यांनी यादी दिली. त्यातली 'वकील फी, स्वतःची' न्यायाधीशबाईंनी हसत खोडली. कोर्ट फी, झेरॉक्स मंजूर केलं. मग त्यांचं पेन थबकलं.

"दर तारखेला दोन चहा? तुम्ही तर एकटेच यायचात!"

"दुसरा यांचा, मॅडम." मास्तरांनी हरलेल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. शेजारी छताकडे बघू लागला.

"दर वेळी म्हणायचे, 'मास्तर, पुढच्या तारखेला मी पाजतो.' आता तुम्ही निकालच देऊन टाकलात!"